आजीला चालवणाऱ्या मुलीला: आयुर्वेद, फिजिओथेरपी, योग की तीन महिन्यांचा कोर्स?

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ले तालुक्यातली मुलगी, वय २०, बारावी सायन्स. नीट दोनदा दिली. एमबीबीएस मिळणार नाही, पण खासगी कॉलेजात बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) मिळू शकतं. आजीला पक्षाघात झाला तेव्हा आठ महिने तिचं सगळं हिनेच केलं. ‘आजी पहिल्यांदा पडवीतून खळ्यात चालत आली, त्या रात्री मला झोप लागली नाही,’ असं तिने लिहिलंय. तेव्हापासून माणसाला संपूर्ण बघणारं, नुसत्या गोळ्या न देणारं काम करावंसं वाटतं. मामी म्हणते फिजिओथेरपी, काका म्हणतात नर्सिंग, आणि गोव्यात तीन महिन्यांचा ‘होलिस्टिक हीलर’ कोर्स आहे, त्याची फी सव्वा लाख. काय निवडावं?

बाय, मी कुडाळजवळ २७ वर्षं वैद्यकी करते. बीएएमएस केलं, पंचकर्माचं छोटं केंद्र चालवते, घरी पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातले दोन दिवस जाते. तुझा प्रश्न मी तीनदा वाचला. खळ्यातल्या आजीचं ते एक वाक्य लक्षात ठेव, शेवटी त्याच्याकडेच यायचंय.

आधी ‘होलिस्टिक’ या शब्दाचं बघू. या नावाची पदवी नाही, कौन्सिल नाही, नोंदणी नाही. ही काम करण्याची रीत आहे. ती नर्समध्ये असू शकते, सर्जनमध्ये असू शकते, आणि एखाद्या वैद्यात नसूही शकते. आपल्याकडे याचा विचार फार जुना आहे. चरकाने सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चौघं नीट असतील तर रोग हटतो. परिचारकाचे गुणही सांगितले: उपचारज्ञता, दाक्ष्य, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. म्हणजे सेवा कशी करायची याचं ज्ञान हवं, हात चलाख हवा, माया हवी, स्वच्छता हवी. वैद्याच्या गुणांत एक शब्द येतो, ‘बहुशो दृष्टकर्मता’. कर्म पुन्हा पुन्हा डोळ्यांनी पाहिलेलं असणं. तीन महिन्यांत हे दोन्ही होत नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे बघ. वैद्याची खुर्ची रिकामी नाही. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कुठेही उभी राहा, पाट्या दिसतील. रिकामी आहे ती परिचारकाची जागा. मुलं मुंबईला, आई-वडील गावात. गणपतीत घर भरतं, अकराव्या दिवशी पुन्हा दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा. त्यातल्या एकाला अर्धांगवायू झाला, खुब्याचं हाड मोडलं, तर गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेऊन जीव वाचवतात. डिस्चार्ज होतो, माणूस घरी येतो, आणि तिथून पुढे कोणी नसतं. पाठीला जखमा होतात, सांधे आखडतात. मी जाते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. तुझी आजी चालली कारण तू होतीस. हे काम तू शिकण्याआधीच करून बसली आहेस, म्हणून मला तुझ्याशी लांबलचक बोलावंसं वाटतंय.

सव्वा लाखाच्या कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिलं शिक्षण म्हणून तो घेऊ नको. जाहिरात देणाऱ्याला फोन करून विचार की कोर्स संपल्यावर माझी नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होईल. विचार की शिक्षकाच्या देखरेखीखाली मी किती खऱ्या रोग्यांवर काम करीन. आणि माझ्या हातून कोणाला इजा झाली तर जबाबदार कोण, हेही विचार. उत्तरं ऐकून घे. माझ्याकडे एक शिवणकाम करणारी बाई आली होती, मानदुखीची. अशाच एका प्रमाणपत्रधारक हीलरने तिची मान झटक्याने फिरवली होती. नंतर उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या, मग बधिरपणा. सुई धरता येईना. न्यूरोसर्जनकडे पाठवलं, सुदैवाने शस्त्रक्रिया टळली, पण मशीन चार महिने बंद राहिलं. त्या हीलरचा हेतू वाईट नव्हता. मान कधी हलवायची नाही, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. काय करायचं नाही हे शिकायलाच वर्षं लागतात, आणि थोडक्यात उरकलेल्या कोर्समधून नेमकं तेच गळतं.

कायद्याचंही भान ठेव. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणं गुन्हा आहे, त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. आणि मधुमेह, कर्करोग, लकवा बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषध व जादूई उपचार कायद्याने बंद आहे. ज्या कोर्सच्या जाहिरातीतच असे दावे असतील, तिथे तुला काय शिकवणार?

आता बीएएमएस. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, मिळून साडेपाच. नीट लागते, प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. २०२० च्या कायद्यानंतर जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला. पहिल्या वर्षी संस्कृत, पदार्थविज्ञान (भौतिकशास्त्र नव्हे, आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान), क्रियाशारीर म्हणजे शरीराचं कार्य, आणि रचनाशारीरात म्हणजे शरीररचनेत शवविच्छेदन. हॉलमधला फॉर्मालिनचा वास डोळ्यांत जातो, रात्री जेवण जात नाही, आणि महिन्याभरात सवय होते. पुढे द्रव्यगुण, रोगनिदान, कायचिकित्सा, शल्य, प्रसूती. अभ्यास खरोखर मोठा आहे. घरी ‘एमबीबीएस नाही तर हे’ असं म्हणत असतील तर त्यांना सांग, मन तिकडे ठेवून हे साडेपाच वर्षं ओढता येत नाही. माझ्या वर्गात तसं ओढणारे होते. त्यांना आयुर्वेद कधी आला नाही आणि ॲलोपॅथी अर्धीच आली. त्यातले काही आज चांगले पैसे मिळवतात, पण भेटले की म्हणतात, तू जे करतेस ते मला जमलं नाही.

पदवीनंतर वाटा आहेत. स्वतःचा दवाखाना, एमडी, आरोग्य उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कंत्राटी काम, मोठ्या हॉस्पिटलात निवासी डॉक्टर. सावंतवाडीला भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय आहे. आणि डिसेंबर २०२२ पासून पेडण्याच्या धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं मोठं रुग्णालय सुरू झालंय. बांद्यापासून ते जवळ आहे. आमच्या वेळी चांगलं पंचकर्म बघायला पुणे किंवा केरळ गाठावं लागे. तू एक दिवस धारगळच्या ओपीडीत जाऊन नुसती बस. प्रवेशपुस्तिकेत जे नसतं ते तिथे दिसेल.

पंचकर्माची लोकांच्या मनातली चित्रं फार देखणी असतात: पितळेचं पात्र, फुलं, मंद दिवा. खरं काम सांगते. सकाळी साडेसहाला शेगडी पेटते. बला या वनस्पतीचा काढा आणि दूध आटवत साठेसाळीचा भात शिजतो, त्याची पुरचुंडी बांधायची आणि दोन्ही बाजूंनी दोघींनी एका लयीत अंग शेकायचं. ती थंड होता कामा नये आणि चटका बसता कामा नये, म्हणून दर वेळी आधी आपल्या मनगटावर लावून बघायची. पाऊण तास वाकून उभं राहायचं. मग बस्ती, म्हणजे औषधी एनिमा. रोगी संडासला जाऊन येईपर्यंत बाहेर थांबायचं, किती वेगात, काय रंगाचं, पोटात मुरडा आला का, सगळं विचारायचं आणि लिहायचं. चादरी धुवायच्या. पावसाळा हा वाताच्या प्रकोपाचा काळ, त्यामुळे बस्तीचे रोगी नेमके जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आणि त्याच दिवसांत आपल्याकडे चादर तीन-तीन दिवस वाळत नाही. हे वाचून तुझं मन मागे सरलं नाही तर ते चांगलं लक्षण आहे. आजीची चादर तू बदललीच असशील.

पंचकर्म सहायकाचेही वेगळे कोर्स असतात. घरची ओढाताण असेल तर ती वाट वाईट नाही. बायकांना अभ्यंगासाठी बाईच हवी असते आणि शिकलेली बाई मिळत नाही, ही माझी रोजची अडचण आहे. पण त्यात निर्णय तुझा नसतो, वैद्याचा असतो. गोव्यातल्या मांद्रे-हरमलच्या स्पामध्येही काम मिळतं, पण ते हंगामी, ऑक्टोबर ते मार्च. आणि तिथल्या मालिशीला कोणी पंचकर्म म्हटलं तरी ते पंचकर्म नसतं.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दवाखाना टाकल्याचं दुसरं वर्ष. लावणीचे दिवस. तिशीचा एक शेतकरी तापाने आला, अंग ठणकतंय म्हणाला. मी ज्वराची औषधं दिली, लंघन सांगितलं, दोन दिवसांनी बोलावलं. दोन दिवसांनी त्याचा भाऊ आला: लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसतात. लेप्टो होता, चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. त्याला घाईघाईने मोठ्या इस्पितळात नेला, मूत्रपिंडं बिघडली होती, डायलिसिस लागलं, वाचला. पहिल्याच दिवशी मी पोटऱ्या दाबून बघितल्या असत्या, डोळ्यांतली लाली बघितली असती, गुडघाभर चिखलात किती दिवस होतास असं विचारलं असतं, तर त्याच दिवशी पाठवला असता. माणसाला संपूर्ण बघायचं म्हणजे हे बघायचं होतं, आणि मी बघितलं नाही. आता पावसाळ्यातला प्रत्येक ताप मी तसाच तपासते, रक्त तपासायला पाठवते, आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू व्हायला रिपोर्टची वाट बघत नाही. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा रोगी असेल आणि जंगलात, काजूच्या बागेत जाऊन आला असेल तर गोचिडीतून येणारा माकडतापही डोक्यात ठेवावा लागतो. कोणतीही वाट धर, आपली हद्द कुठे संपते आणि फोन कधी उचलायचा हे ज्या शिक्षणात शिकवतात तेच घे.

आपल्याच कोकणातलं एक उदाहरण यासाठी तुला माहीत असावं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. ते ॲलोपॅथीचे, एमबीबीएस-एमडी. लाल विंचू चावून कोकणात माणसं, विशेषतः पोरं, मरत होती. ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रोग्याच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार पडणं, सगळं तासातासाने टिपलं. त्यातून मृत्यू कशाने येतो ते उमगलं आणि प्राझोसिन नावाची साधी गोळी उपयोगी पडते हे त्यांनी दाखवलं. ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मला विचारशील तर समग्र वैद्यकी हीच. पॅथी कोणती हा प्रश्न उशाशी बसण्याच्या नंतरचा आहे.

फिजिओथेरपीकडे येते. चार वर्षं आणि वर इंटर्नशिप. तिचा काळ नव्या अभ्यासक्रमात वाढतोय, म्हणून तुझ्या वर्षाचं माहितीपत्रक नीट वाच. हाही प्रवेश नीट आणि कॅपमधूनच. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय आयोग मिळाला. कित्येकांना वाटतं फिजिओ म्हणजे शेकाचं मशीन लावणारी मुलगी. तसं काम करणारेही आहेत, नाही म्हणत नाही. पण चांगली फिजिओ काय करते ते तू आजीजवळ अजाणता पाहिलंस. अर्धांगवायूनंतर पहिले काही महिने मेंदू नव्या वाटा जास्त वेगाने शोधतो. त्या दिवसांत हात-पाय कसे ठेवायचे, खांदा ओढला जाऊ नये म्हणून उठवताना कुठे धरायचं, बसायचं संतुलन कधी, उभं कधी करायचं, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. आजीला उठवताना तिचा दुबळा हात धरून ओढत होतीस का? बहुतेक घरी तेच करतात, आणि खांदा कायमचा दुखरा होतो. हे शास्त्र आहे, शिकावं लागतं. मी स्वतः अर्धांगवायूच्या रोग्याला बस्ती, नस्य (नाकातून औषध), अभ्यंग देते आणि त्याच दिवशी फिजिओकडेही पाठवते. दोन्ही मिळाल्यावर जो फरक पडतो तो एकट्याने पडत नाही, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय. माझी अडचण एवढीच, की घरी जाणारी फिजिओ या पट्ट्यात शोधून सापडत नाही. गेल्या मिरगात मालवणजवळच्या एका आजोबांनी मला विचारलं, ‘माका चलवूक कोण येतला गो?’ मला उत्तर देता आलं नाही.

नर्सिंगला काका उगाच म्हणत नाहीत. जीएनएम ही पदविका तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार. नोकरीची खात्री इतर सगळ्या वाटांपेक्षा जास्त, आणि चरकाचे परिचारकाचे चारही गुण लागतात ते इथेच. रात्रपाळी आणि एका वॉर्डात चाळीस रोगी, ही त्याची दुसरी बाजू. तुला एका माणसाजवळ वेळ द्यायला आवडतो असं दिसतंय, वॉर्डात तो वेळ मिळत नाही. 

निसर्गोपचार आणि योगाची पदवीही साडेपाच वर्षांची, बीएनवायएस. किनाऱ्याने खाली गेलीस तर उजिरेला एसडीएमचं कॉलेज १९८९ पासून आहे, चांगलं नाव आहे. अडचण अशी, की आयुर्वेदाच्या केंद्रीय आयोगात निसर्गोपचार येत नाही. नोंदणी राज्याराज्यावर अवलंबून असते. कर्नाटक-तमिळनाडूत व्यवस्था आहे. तुला सिंधुदुर्गात राहायचं असेल तर प्रवेशाआधी महाराष्ट्रातल्या नोंदणीचं लेखी उत्तर मिळव, तोंडी ऐकू नको.

योग मात्र सगळ्यांनी शिकावा, जोड म्हणून. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली, त्या परंपरेत शिकलीस तर डोळे उघडे राहतील. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा पायरीपायरीने देता येतात. फक्त योगवर्गावर गावात पोट भरणं कठीण. पण फिजिओ किंवा वैद्य असून योग येत असेल, तर काचबिंदूच्या रोग्याला शीर्षासन सांगायचं नाही आणि कमरेची गादी सरकलेल्याला पुढे वाकवायचं नाही, हे तुला आपोआप कळेल.

पैशाचं थोडं. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या यादीतला आकडा आणि कॉलेज सांगेल तो आकडा शेजारी ठेवून बघ. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस तर ही सवलत नाही. दाखले आत्ताच काढून ठेव, तलाठी कार्यालयात जून महिन्यात रांग असते. आणि शिकून आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं घरची साथ लागेल. माझ्या पहिल्या महिन्यात अकरा रोगी आले होते, त्यातले चार नात्यातले. वडिलांशी याबद्दल आत्ताच मोकळेपणी बोल.

आता ते खळ्यातलं वाक्य. तू प्रश्नात आजीबद्दल पाच-सहा ओळी लिहिल्यास. औषध कोणतं दिलं, नाडी कशी होती, रोग का झाला, याबद्दल एकही शब्द नाही. सगळ्या ओळी उठणं, बसणं, चालणं याबद्दल आहेत. ज्याला वैद्य व्हायचंय त्याला ‘हे का झालं’ हा प्रश्न छळतो. तुला ‘ही पुन्हा चालेल कशी’ हा प्रश्न छळतोय. मी आयुर्वेदाची, आयुष्य त्यात गेलं, तरी तुला सांगते: कॅपच्या फॉर्ममध्ये फिजिओथेरपी वर टाक, बीएएमएस दुसरं. तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे ठेवून दे, पदवीनंतर एखाद्या चांगल्या पुनर्वसन केंद्रात शिकायला कामी येतील.

माझा अंदाज चुकू शकतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी पंधरा दिवस काढ. पहिला आठवडा एखाद्या फिजिओथेरपी विभागात, परवानगी काढून, कोपऱ्यात बसून. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात विचारून बघ. दुसरा आठवडा एखाद्या वैद्याच्या ओपीडीत. माझ्याकडे आलीस तरी चालेल, एसटी थांब्यापासून दवाखाना जवळ आहे. एक वही ठेव आणि रोज रात्री लिही: आज कोणत्या रोग्याच्या वेळी घड्याळ बघितलं नाही. फॉर्म भरायला बसशील तेव्हा ती वही उघड, माझं हे पत्र नाही. आणि येताना आजीलाही घेऊन ये. तो खांदा मला बघायचाय.